आढ्याला टांगलेलं विमान

आमच्या घरात मॉडेल विमानं उडवायचं काम नवऱ्याचं आणि ती जुळवायचं काम माझं. ही वाटणी कुणी बसून केली नाही. नागपुरात कॉलेजला असताना मी मॉडेल विमानांच्या एका क्लबात जायची, तोही तिथेच यायचा. उडवण्यात मी साधारणच होते. पण मी जुळवलेलं विमान सरळ उडायचं, म्हणून क्लबातली पोरं आपापली विमानं माझ्यासमोर आणून ठेवायची. त्यांतल्या एकाशी पुढे लग्न झालं.

लग्नानंतर आम्ही घुग्घुसला आलो. तो कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन आहे, मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. घुग्घुसला विमान उडवण्यात अर्थ नाही. वर तारा, खाली ट्रक, आणि मोटरीत दोन दिवसांत काळी भुकटी. त्यामुळे विमानं निघायची ती सुट्टीत, सासरच्या गावी. गाव सिंदेवाहीकडे, धानाचं. धान कापून झालं की बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोकळ्या होतात, आणि गावाला लागून आखर आहे. आखर म्हणजे गावाची ढोरं सकाळी जिथे गोळा होतात ती जागा. गायकी, म्हणजे गुराखी, ढोरं घेऊन रानाकडे गेला की दिवसभर ती रिकामी. जमीन टणक आणि सपाट. शेण तेवढं चुकवायचं. उडवायच्या आधी पोलीस पाटलांना सांगून ठेवतो, कारण आमच्या भागात आकाशात काही फिरताना दिसलं की लोकांना आधी ड्रोनच वाटतो.

दोन वर्षांपूर्वी नवरा ड्यूटीवरून मोटरसायकलने येत होता. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट द्यायला रस्त्याखाली उतरला आणि गिट्टीवर घसरला. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, शीर जुळली नाही. अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं हलतात, पण त्यांत जोर नाही आणि स्पर्श अर्धाच कळतो. खाणीने त्याला ऑफिसात बसवलं. तक्रार करणारा माणूस नाही तो. ड्यूटीवरून आला की टीव्ही लावायचा, जेवायचा, परत टीव्ही. विमानांचा रिमोट गावच्या घरी कपाटात वर ठेवला होता, त्याला त्याने हात लावला नाही.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत, गावी, त्याने माळ्यावरून एक अर्धवट सांगाडा खाली काढला. अपघाताच्या आधी सुरू केलेलं दुपंखी विमान होतं ते, एकावर एक दोन पंखांचं. लहान आणि वजनाला हलकं. पुढचा भाग फोमचा आणि पातळ पत्र्याचा, पंखांवर कागद चढवलेला. मागचं धड मात्र उघडं ठेवलेलं, नुसत्या बांबूच्या काड्यांचं, जुन्या काळच्या विमानांसारखं. सगळ्या सांध्यांवर सुती दोरा गुंडाळलेला. बांबू घरच्याच कुंपणाचा.

"हे पुरं करू," तो म्हणाला. "एकदा उडवून बघतो. हात चालला तर ठीक. नाही चालला तर सगळी विमानं, रिमोट, सगळं नागपूरच्या क्लबाला देऊन टाकतो. उगाच जागा अडवून ठेवायची नाही."

मी बरं म्हटलं. हा माणूस बोलतो ते करतो, हे मला माहीत होतं. तंबाखू त्याने एका दुपारी सोडली ती सोडलीच. म्हणजे हे विमान नीट उडलं नाही तर पुढे ऑफिस आणि टीव्ही, एवढंच उरणार होतं.  मी कामाला लागले.

पहिला प्रश्न रिमोटचा. त्याला दोन दांड्या असतात. डावीने मोटरचा वेग आणि जमिनीवरचं वळण, उजवीने वर-खाली आणि हवेतलं वळण. म्हणजे सगळं नाजूक काम नेमकं उजव्या अंगठ्याकडे. दांड्यांची कामं अदलाबदल करता येतात, रिमोटमध्ये ती सोय असते. मी तसं सुचवलं.

"नको. डोकं विचार करते तवर विमान खाली. बोटांना जे माहीत आहे तेच राहू दे."

म्हणून उजव्या दांडीची स्प्रिंग सैल केली. दांडी थोडी लांब करून तिच्यावर सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चढवली, म्हणजे अंगठ्याने ढकलण्याऐवजी चिमटीत धरता येईल आणि निसटणार नाही. शेपटीच्या आडव्या पट्टीची हालचाल कमी केली. दांडी मधोमध असताना तिचा परिणाम बोथट ठेवला, हात थोडा थरथरला तर विमानाला कळू नये म्हणून. हे सगळं करायला फारशी अक्कल लागत नाही. वेळ लागतो.

अक्कल लागते ती पंख बसवताना. एकच पंख असेल तर तो धडाशी सरळ बसवला की झालं. दोन असले की दोघांचं आपसात जमायला हवं. खालचा पंख धडाला पक्का. वरचा बांबूच्या चार खुंट्यांवर. एक खुंटी तांदळाच्या दाण्याएवढी जरी जास्त झाली तरी वरचा पंख वेगळ्या दिशेला ओढतो आणि विमान कायम तिरकं चालतं. मी पंखाच्या टोकापासून शेपटीपर्यंत दोरा ताणून दोन्ही बाजूंनी माप घ्यायची, खुंटी घासायची, परत माप घ्यायची. सासूबाई ओसरीवर लाखोळीची डाळ पाखडत बसलेल्या असायच्या. त्यांचं आमच्यावर लक्ष असायचंच.

"सुनबाई, माया झंपराचं माप बी असंच घेतलं असतं तं काखेत कसला नसता," त्या म्हणाल्या.

"तो झंपर टेलरनं शिवला, आई. मी नाही."

"सांगतलं तं तूच होतं त्याले."

दिवाळीत पुरं झालं नाही. धान निघाल्यावर, थंडीत, पुन्हा चार दिवस काढून गावी आलो तेव्हा फक्त तोल साधायचा राहिला होता.

विमानाचा तोल म्हणजे ते कुठे उचललं असता सपाट राहतं तो बिंदू. तो ठरलेल्या जागी यावा लागतो. पुढे आला तर नाक जड, विमान सुस्त पण शहाणं. मागे गेला तर शेपटी जड, आणि मग विमान कुणाचं ऐकत नाही. नाक वर करतं, खाली दाबलं की गरजेपेक्षा जास्त खाली जातं, उचललं की पुन्हा जास्त वर. दुपंखीत आणखी एक भानगड असते. वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे असतो, म्हणून माप एकाच पंखावरून घेऊन चालत नाही. दोन्हींच्या मधलं धरावं लागतं. मी ते काढलं, वरच्या पंखावर दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण केली, तिथे दोऱ्याचे फासे लावले आणि विमान ओसरीच्या आढ्याला टांगलं. बॅटरी आत, नाकावरचा पंखा लावलेला, उडताना असेल तसं सगळं.

तेवढ्यात नवऱ्याचा चुलतभाऊ आला. आमची शेती तोच पाहतो. त्याची गंमत बोलण्यात असते, चेहऱ्यावर काही नसतं.

"वैनी, पाळणा बांधला का? बारसं कई हाय?"

"उद्या. तुम्हीच नाव ठेवा."

"माया ठेवलेल्या नावाचं काई टिकत नाई. माया बैलाचं नाव वाघ्या ठेवलं तं तो शेळीले भेते."

बॅटरी पुढे सरकवत नेली तसं विमान सपाट झालं. मग आणखी थोडी पुढे, नाक जेमतेम झुकेल इतकी. नवऱ्याच्या हाताला शहाणं विमान हवं होतं. आडवा तोलही पाहिला. उजवी बाजू कणभर जड निघाली, म्हणून डाव्या पंखाच्या टोकात एक बारीक खिळा ठोकला. टांगलेलं विमान हळूहळू थांबलं आणि पुरतं स्थिर राहिलं. नवरा खाटेवर बसून पाहत होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता जे होईल ते हाताचं होईल."

संध्याकाळी चुलतदिराकडे जेवायला बोलावणं होतं, दोघं गेलो. सासूबाईंना उपास होता म्हणून त्या घरीच राहिल्या. विमान खाटेवर ठेवलेलं होतं.

सकाळी गायकी ढोरं घेऊन गेल्यावर आम्ही दोघं आणि चुलतदीर आखरावर पोचलो. शेपटीचे बांबू उन्हात चमकत होते. ओसरी उघडी असल्यामुळे दहिवर पडलं असेल, वाळेल आपोआप, असं धरून मी पुढची कामं केली. पट्ट्या योग्य दिशेला हलतात की नाही ते पाहिलं. रिमोट घेऊन लांब चालत गेले, सिग्नल तुटत नाही ना ते पाहिलं. तोल आदल्या दिवशीच पाहिलेला होता.

नवऱ्याने रिमोटचा पट्टा गळ्यात अडकवला. उजवी दांडी चिमटीत धरली. "चला," म्हणाला.

विमान थोडंच धावलं आणि मला हवं होतं त्याच्या बरंच आधी जमीन सोडून उभं वर गेलं. त्याने नाक दाबलं, ते धाडकन खाली आलं. उचललं, परत वर. पायऱ्या चढल्या-उतरल्यासारखं ते आखरभर फिरायला लागलं.  मी त्याच्या बाजूलाच उभी होते. हात पुढे केला. रिमोट घेतला असता तर मी ते वाचवलं असतं की नाही, सांगता येत नाही, पण हात गेला.

"हात नको लावू," तो म्हणाला आणि खांदा वळवून माझ्याकडे पाठ केली.

मी हात मागे घेतला. त्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या. उजव्या हाताचं कोपर पोटाशी दाबून तो मनगटासकट दांडी हलवत होता, कारण नुसत्या बोटांनी भागत नव्हतं. विमानाने एक पूर्ण फेरा घेतला, दुसराही घेतला. दुसऱ्याच्या शेवटी ते अगदी हळू झालं, नाक वर राहिलं, एक पंख झुकला आणि ते धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडच्या बांधीत जाऊन पडलं. उंची फार नव्हती आणि खाली धानाच्या पेंढ्याची तणस पसरलेली होती, म्हणून थोडक्यात निभावलं. पंखा तुटला, एक खुंटी मोडली, खालच्या डाव्या पंखाचा कागद फाटला.

चुलतदीर पळत जाऊन ते घेऊन आला. "भाऊ, दोन चक्कर तं मारले न. पयल्या दिवसाले येवढं सई हाय."

"उडलं नाही ते," नवरा म्हणाला. "पडत पडत फिरलं." त्याने डाव्या हाताने बॅटरीची तार काढली, रिमोट बंद केला, पट्टा काढून गुंडाळला. "हात राहिला नाही. झालं. रविवारी नागपूरला नेऊन देऊ."

आवाज नेहमीचाच होता. रस्त्याने तो चुलतभावाशी मळणीच्या मशीनबद्दल बोलत गेला. घरी येऊन हातपाय धुतले आणि मशीन पाहायला निघून गेला. रिमोट त्याने पिशवीत घालून माझ्या बॅगेशेजारी ठेवला होता.

मोडकी वस्तू कुणाला देणं मला पटत नाही. क्लबाला द्यायची तर नीट करून द्यायची. बांबू फाडून नवी खुंटी केली, घासून बसवली, दोरा गुंडाळला. कागद चिकटवला. जादा पंखा आणलेला होता, तो लावला. मग नेहमीप्रमाणे, दुरुस्तीनंतर करतात तसं, ते आढ्याला टांगलं, त्याच खुणांवर, बॅटरी त्याच जागी.

शेपटी खाली गेली. थोडी नाही, चांगली खाली गेली आणि तिथेच राहिली.

फासे सरकले असतील म्हणून पाहिलं. सरकले नव्हते. बॅटरी पाहिली, बरोबर होती. पडल्यामुळे काही निसटलं असेल तर ते नाकाकडचं, पण नाकाकडे सगळं जागच्या जागी होतं. मोटर होती, पत्रा होता. पुढचं काही कमी झालेलं नव्हतं, म्हणजे मागे काहीतरी वाढलं होतं. मी शेपटी हातात धरली आणि बोटं चिकटली. वास घेतला.

सासूबाई चुलीपाशी होत्या.

"आई, विमानाला काही लावलं का तुम्ही?"

"काय लावन मी? तेल लावलं."

"कसलं तेल?"

"टोरीचं. बांबूले आनखीन कोनतं लावतेत?"

टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, म्हणून लावायच्या आधी गरम करतात. या घरात बांबूची वस्तू तेल लावल्याशिवाय ठेवत नाहीत. सूप, टोपली, काठी, कोंबड्यांचा डालगा, सगळ्यांना वर्षातून एकदा टोरीचं तेल मिळतं. नाहीतर भुंगा लागतो आणि बांबू आतून पीठ होतो. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दर थंडीत मी हे पाहत आले आहे. विमान त्यात मोजलं जाईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या मते मात्र ते न मोजण्याचं काही कारणच नव्हतं.

"कधी लावलं?"

"काल. तुमी तिकडं जेवाले गेल्ते तवा. सुपायले लावूनच राह्यली होती, मंग त्याले बी लावलं. नवा बांबू दिसला मले, लागला असता भुंगा."

"कुठे कुठे?"

"जिथी उघडा दिसला तिथी. कागदाले नाई लावलं, फोमाले नाई. येवढं समजते मले."

"आणि किती लावलं?"

"मोजून लावतेत का कोनी? पेते तवर पाजाचं. तो दोरा तं लय पेला. दोन डाव लावलं, मंग थांबला."

पंखांच्या खुंट्या तोलाच्या बिंदूपाशीच असतात, त्यांच्या तेलाने फरक पडत नाही; बाकी उघडा बांबू होता तो फक्त मागच्या धडात आणि शेपटीत. सांध्यांवरचा सुती दोरा वातीसारखा तेल ओढून घेतो. गरम तेल आत मुरलं आणि थंडीत तिथेच थिजलं. वजनाने ते फार नसेल, जेवणाच्या चमच्याने मोजण्याइतकं. पण दुपंखीचं नाक आखूड आणि शेपटी लांब. मागे थोडंसं वाढलं तर पुढे त्याच्या कितीतरी पट घालावं लागतं.

"काऊन, काई बिघडलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"शेपटी जड झाली. त्यानेच पडलं सकाळी."

त्यांनी हात थांबवला. विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याच तेलाचे सूप बारा महिने वापरतो आपन. एकबी पडलं नाई आजवर."

"सूप उडत नाही, आई."

"तं मंग मले सांगाचं होतं, का याले लावू नोका म्हनून. मले काय मालूम, उडनाऱ्या बांबूले भुंगा लागत नाई म्हनून."

 तेल काढायचा उपाय नव्हता. पुसून जे निघालं ते थोडं. बाकीचं आत होतं. आता पुढे वजन घालणं एवढंच शक्य होतं. चुलतदिराकडे मासोळ्यांचं फेकायचं जाळं आहे, त्याच्या कडेला शिशाचे मणी असतात. मी त्याच्या घरी गेले आणि जादाचे मणी मागितले.

"इमानानं मासोळ्या धरता का आता?" तो म्हणाला, पण डबा आणून दिला.

मणी एकेक करून नाकाच्या पत्र्यामागे चिकटपट्टीने लावत गेले. प्रत्येक मण्याला शेपटी थोडी उचलली जायची. माझ्या अंदाजापेक्षा बरेच लागले. शेवटी विमान आदल्या दिवशीसारखं सपाट झालं, नाक जेमतेम झुकलेलं.

नवरा परत आला तेव्हा अंगावर मळणीचा भुसा होता. मी त्याला खाटेवर बसवलं आणि काय झालं ते सांगितलं. 

"माझं मन राखू नको," तो म्हणाला.

"तुमचं मन राखायला मला वेळ नाही. लाखोळी निवडायची पडली आहे."

"पडल्यावर तोल बिघडतोच."

"पडल्यावर नाक मोडतं. शेपटी जड होत नाही." मी नाकाची चिकटपट्टी सोडवली आणि सगळे मणी काढले. शेपटी खाली गेली. मणी त्याच्यापुढे धरले. "काल हे नव्हते आणि विमान सपाट होतं. आज हे घातल्यावर सपाट होतं. एवढ्या वजनाचा फरक घेऊन तुम्ही सकाळी दोन फेरे मारले. मला एकही मारता आला नसता."

त्याने उजवा हात पुढे केला, मी मणी त्याच्यावर ठेवले. त्या तळहाताला वजन नीट कळत नाही. त्याने ते डाव्या हातात घेतले आणि दोनतीनदा वरखाली केले.

"आखरावर तोल नाही पाहिला?" त्याने विचारलं.

"नाही. घरी पाहिला होता."

"हं."

मग तो उठला. विमानाच्या शेपटीला बोट लावून वास घेतला. चुलीकडे पाहिलं. सासूबाई भाकरी थापत होत्या आणि आमच्याकडे पाहत नव्हत्या, म्हणजे सगळं ऐकत होत्या.

"आई, दोन डाव लावलं म्हणे?"

"तिसरा बी लावत होती. तेल सरलं."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असं मी लिहिणार नाही, कारण मी मोजत नव्हते. त्याने मणी एकेक करून परत नाकात बसवले. मी मदत केली नाही. डाव्या हाताने मणी धरायचा, उजव्याच्या करंगळीने आणि तिच्या बाजूच्या बोटाने पट्टी दाबायची, असं त्याचं चाललं होतं. ती दोन बोटं चांगली आहेत. पट्टी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. विमान हलायचं थांबेपर्यंत तो समोर उभा राहिला, मग खाली वाकून एका डोळ्याने ते सपाट आहे का पाहिलं.

"जड झालं आता एकूणच," तो म्हणाला. "धाव जास्त लागेल."

"लागेल. आणि उतरताना वेग ठेवावा लागेल."

"ते कळतं मला."

रविवारचं काही बोलणं झालं नाही. रिमोटची बॅटरी मात्र त्याने स्वतः चार्जिंगला लावली.

दुसऱ्या दिवशी आखरावर गेल्यावर मी आधी विमान दोन बोटांवर उचलून तोल पाहिला. तोवर त्याने रिमोटचा पट्टा गळ्यात अडकवला. मग म्हणाला, "तू तिकडे धुऱ्यावर उभी राहा. बाजूला असलीस की तुझा हात दिसते मला."

मी चुलतदिराजवळ जाऊन उभी राहिले.

विमान लांब धावलं. इतकं लांब की शेण पडलेल्या बाजूला जातं की काय असं वाटलं. मग जमीन सुटली आणि ते कमी चढानं, एका रेषेत वर गेलं. नाक जिथे ठेवलं तिथे राहत होतं. नवऱ्याने ते बोरीच्या झाडाच्या वर नेऊन डावीकडे वळवलं. पुन्हा डावीकडे. सगळे फेरे डावीकडूनच चालले होते. उजवीकडे वळायला दांडी अंगठ्याने बाहेर ढकलावी लागते, ती ताकद त्या अंगठ्यात नव्हती. त्याने ते आदल्या दिवशीच ओळखलं असावं, कारण एकदाही प्रयत्न केला नाही. डाव्या फेऱ्यांनी आखर पुरत होतं.

"आज पायऱ्या नाई चढून राह्यलं," चुलतदीर म्हणाला.

"नाही."

"मंग काल भाऊचा हात काऊन बदनाम केला?"

"तो त्यांनीच केला."

थोड्या वेळाने विमान डगमगायला लागलं. हात थकत होता. बॅटरी अजून बरीच शिल्लक असणार होती, पण त्याने हट्ट केला नाही. मोटर कमी करून, वेग ठेवून, ते लांबून खाली आणलं. चाकं टेकली, एक उडी घेतली, दुसरी लहान उडी, आणि ते शेणाच्या ढिगाच्या हातभर अलीकडे थांबलं. मी धुऱ्यावरून खाली उतरले.

तो उजवा हात झटकत होता, बोटं उघडझाप करत होता. चेहरा घामेजलेला होता, थंडी असूनही.

"डावीकडे ओढते," तो म्हणाला. "सरळ सोडलं तरी डावीकडे जाते. मी फेरे डावीकडे घेतले म्हणून कळलं नाही तुला."

"किती ओढते?"

"थोडं. पण सरळ जायला पाहिजे. मला उजवीकडे शिकायचं आहे, आणि ते आधीच डावीकडे ओढत असेल तर अंगठा पुरायचा नाही."

मी विमान उलटं धरलं. शेपटीच्या उभ्या पट्टीची तार एका बारीक स्क्रूवर असते. तो पाव फेरा फिरवला, पट्टी डोळ्याने पाहिली, आणखी थोडा फिरवला. तोवर चुलतदिराने नवी बॅटरी आणून दिली होती. ती घातली, मण्यांची पट्टी दाबून पाहिली, विमान जमिनीवर वाऱ्याकडे तोंड करून ठेवलं.

"बघा आता," म्हटलं, आणि धुऱ्याकडे निघाले.